दूरच्या उपकेंद्रांतील सेवकवर्गाचे प्रशिक्षण : एक अनुभव व अभ्यास



वार्षिक अहवालात खाटांची संख्या, झालेल्या शस्त्रक्रिया, नवी यंत्रसामग्री व जमाखर्च यांचा तपशील दरवर्षी येतो. सेवकवर्गाच्या प्रशिक्षणाला मात्र बहुधा एखादीच ओळ मिळते. गतवर्षीच्या अहवालात ती ओळ अशी होती : ‘संगणकाद्वारे घेण्यात आलेल्या प्रशिक्षण सत्रांना सर्व उपकेंद्रांची पूर्ण उपस्थिती लाभली.’ नोंदवहीप्रमाणे हे विधान खरे होते. परंतु ते वाचून वाचकांचा जो समज झाला असेल, तो पूर्णतः खरा नव्हता. ही गोष्ट आमच्या ध्यानी कशी आली, त्यानंतर आम्ही इतरांच्या अनुभवांचा काय अभ्यास केला आणि आपल्या पद्धतीत कोणते बदल केले, हे आपणांस सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. म्हणून यंदा त्या एका ओळीच्या जागी हा लेख सादर करीत आहोत.

गरज कोठून निर्माण झाली

सोलापूर जिल्हा अकरा तालुक्यांचा आणि विस्ताराने मोठा आहे. मुख्य रुग्णालय शहरात आणि उपकेंद्रे तालुक्यांच्या गावी, अशी आपली रचना आहे. करमाळ्याकडील माणसाला सोलापूर गाठण्यास शंभराहून अधिक किलोमीटरचा प्रवास करावा लागतो. एखाद्या परिचारिकेस दोन तासांच्या वर्गासाठी शहरात बोलाविले, तर येण्याजाण्यात तिचा संपूर्ण दिवस जातो. ज्या उपकेंद्रात एका पाळीला एकच परिचारिका असते, तेथे त्या दिवशीची पाळी कोणी करावयाची, हा प्रश्न उभा राहतो. आषाढी-कार्तिकीच्या दिवसांत तर पंढरपूरच्या बाजूच्या सेवकांना जागेवरून हलविणे शक्यच होत नाही. परिणामी प्रशिक्षणाचे वर्ग शहरातील कर्मचाऱ्यांसाठीच होत आणि ज्यांना त्यांची अधिक गरज, ते त्यापासून दूर राहत.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली आणि प्रवासच बंद पडला. त्या काळात देशभरातील रुग्णालयांनी झूम, गूगल मीट यांसारख्या साधनांचा आश्रय घेतला. केंद्र सरकारने एप्रिल २०२० मध्ये ‘आयगॉट’ या प्रशिक्षण मंचावर करोनाविषयक पाठ उपलब्ध करून दिले. दिल्लीच्या ‘एम्स’ संस्थेने ८ जुलै २०२० पासून ‘ई-आयसीयू’ हा उपक्रम सुरू केला. त्यात अतिदक्षता विभागातील डॉक्टर पडद्यावर एकत्र येऊन आपापल्या रुग्णांविषयी चर्चा करीत. आरंभ मुंबई व गोवा येथील रुग्णालयांपासून झाला. आम्हीही त्याच सुमारास आमच्या उपकेंद्रांसाठी साप्ताहिक सत्रे सुरू केली. साथ ओसरली, तरी सत्रे चालू राहिली. खर्च अल्प, प्रवास नाही आणि उपस्थिती पूर्ण. वाणिज्य शाखेत शिकलेल्या प्रशासकास याहून समाधानकारक ताळेबंद दुसरा कोणता दिसणार?

एका सिरिंजने शिकविलेला धडा

आमच्या एका उपकेंद्रात मधुमेहाचे एक वयस्क रुग्ण दाखल होते. त्यांना प्रतिमात्रा २० युनिट इन्सुलिन लिहून दिलेले होते आणि ते वेळेवर दिल्याच्या नोंदीही व्यवस्थित होत्या. तरीही रक्तातील साखर उतरेना. मात्रा वाढविण्याचा विचार डॉक्टर करीत होते. त्याच दिवशी आमच्या मेट्रन मॅडम नियमित भेटीसाठी तेथे गेल्या असता त्यांचे लक्ष औषधांच्या ट्रेकडे गेले. इन्सुलिनच्या सिरिंजची टोपणे लाल असावयास हवी होती, ती नारिंगी होती.

या विषयाशी परिचय नसलेल्या वाचकांसाठी थोडा खुलासा आवश्यक आहे. आपल्याकडे कुपीतून मिळणारे इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट या प्रमाणाचे असते आणि त्यासाठी लाल टोपणाची, ४० च्या मापाची सिरिंज वापरावी लागते. एका मिलिलिटरमध्ये १०० युनिट असलेल्या इन्सुलिनसाठी नारिंगी टोपणाची, १०० च्या मापाची सिरिंज असते. शंभराच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत औषध भरले, तर ते ०.२ मिलिलिटर भरते. ते औषध ४० च्या कुपीतील असेल, तर रुग्णाच्या शरीरात २० ऐवजी केवळ ८ युनिट जातात. उलट, शंभराचे औषध चाळिसाच्या सिरिंजमध्ये त्याच खुणेपर्यंत भरले, तर २० ऐवजी ५० युनिट जातात आणि रुग्णाच्या जिवावर बेतू शकते.

शहरातून जाणारा सिरिंजचा पुरवठा त्या आठवड्यात आमच्याच भांडार विभागाकडून उशिरा गेला होता. म्हणून केंद्राने गावातील दुकानातून सिरिंजचा खोका घेतला होता आणि तो नारिंगी टोपणांचा निघाला. सुदैवाने औषध कमी जात होते. परंतु मात्रा वाढविली असती आणि नंतर योग्य सिरिंजचा पुरवठा पोहोचला असता, तर त्याच परिचारिकेच्या हातून नकळत अतिमात्रा गेली असती. रुग्णाच्या नातेवाइकांस बोलावून घडलेला प्रकार आम्ही स्पष्टपणे सांगितला. योग्य सिरिंजने तीच मात्रा दिल्यावर साखर आटोक्यात आली.

आम्हांस अस्वस्थ करणारी गोष्ट याच्या पुढची आहे. तीनच आठवड्यांपूर्वी ‘इन्सुलिन देण्याची पद्धत’ याच विषयावर पडद्यावरील सत्र झाले होते. दोन सिरिंजमधील भेद त्यात सांगितला होता. त्या परिचारिकेची उपस्थिती नोंदविलेली होती. आम्ही तिला विचारले, “सिस्टर, खोका वेगळा दिसला, तेव्हा सत्रात विचारलं का नाही?” ती म्हणाली, “साहेब, विचारायचं मनात होतं. पण आवाज बंद ठेवायची सूचना होती, आणि मोठे डॉक्टर बोलत होते. मध्येच कसं बोलायचं?”

आवाज बंद ठेवण्याची सूचना आमचीच होती. गोंगाट होऊ नये म्हणून ती दिली होती. पुढे इतर केंद्रांत चौकशी केली, तेव्हा कळले की काही ठिकाणी सत्र सुरू करून फोन टेबलावर ठेवला जाई आणि सिस्टर ड्रेसिंगला जात. त्यांना दोष देता येत नाही; रुग्ण समोर असता त्यांनी दुसरे काय करावे? आमच्या नोंदवहीत मात्र त्या ‘उपस्थित’ होत्या. जमेच्या बाजूस आम्ही जी रक्कम दाखविली, तिच्यामागे पावती नव्हती, असेच हिशेबाच्या भाषेत म्हणावे लागेल.

इतरांचा अनुभव काय सांगतो

यानंतर आम्ही सत्रे महिनाभर थांबविली आणि दूर अंतरावरील प्रशिक्षण इतरत्र कसे यशस्वी झाले, याचा अभ्यास केला. त्यातील पहिले उदाहरण आमच्याच जिल्ह्यात सापडले.

बार्शी येथील नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचे टाटा स्मारक केंद्र यांचे सहकार्य चार दशकांच्या घरातील आहे. १९८७ मध्ये बार्शी येथे देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परंडा व भूम या तीन तालुक्यांतील ३४६ गावे तिच्या कक्षेत होती. कार्यकर्ते गावोगाव जाऊन लोकांशी बोलत, लक्षणे समजावून सांगत आणि रुग्णांची नोंद करीत. डॉ. भ. म. नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या प्राथमिक तपासणीसाठी डॉक्टर नसलेल्या महिला सेविकांना तयार केले. पुढे १९९९ मध्ये तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, याच संस्थांनी आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या साहाय्याने मोठा तपासणी प्रकल्प हाती घेतला. ३० ते ५९ वयोगटातील १,३१,७४६ निरोगी स्त्रिया त्यात होत्या. त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. एचपीव्ही विषाणूची एकच चाचणी झालेल्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, तर नेहमीच्याच सेवेवर ठेवलेल्या गटात ६४.

या प्रकल्पातील तपासणीचे काम प्रशिक्षित परिचारिकांनी खेड्यांत केले. आमच्या दृष्टीने त्यातील मर्म असे की, त्या परिचारिकांचे काम वर्गातील हजेरीवर मोजले गेले नाही. त्यांनी केलेल्या तपासणीची पडताळणी पुढील वैद्यकीय तपासण्यांनी होत होती आणि अखेर गावातील किती स्त्रिया या आजाराने दगावल्या, हे नोंदणी सांगत होती. मोजणी शेवटच्या टोकाला होती. आमची मोजणी पहिल्याच टोकाला थांबली होती.

बार्शीचे प्रशिक्षण मुख्यतः प्रत्यक्ष सहवासाचे होते. पडद्याचा आधार नंतर आला. २४ मार्च २००० रोजी आंध्र प्रदेशातील अरगोंडा या खेड्यातील रुग्णालय दूरवैद्यक सेवेने जोडले गेले. २० सप्टेंबर २००४ रोजी ‘इस्रो’ने शिक्षणासाठी ‘एज्युसॅट’ हा उपग्रह सोडला. त्याच दशकात टाटा स्मारक रुग्णालयाने दूरवैद्यक सेवेद्वारे बाहेरगावची कर्करोग केंद्रे जोडून घेतली; त्यांत बार्शीही होते. २०१२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय कर्करोग ग्रिडमधील रुग्णालयांचे डॉक्टर आता पडद्यावरील बैठकीत अवघड रुग्णांविषयी एकत्र विचार करतात.

पडद्यावरील शिक्षणाने रुग्णाचा खरोखर लाभ होतो का, याचे स्पष्ट उत्तर आम्हांस अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात मिळाले. तेथे भारतीय वंशाचे यकृततज्ज्ञ डॉ. संजीव अरोरा यांच्याकडे हिपॅटायटिस सी या आजाराचे रुग्ण दूरदूरच्या गावांतून येत आणि उपचारासाठी महिनोन्‌महिने थांबत. २००३ मध्ये त्यांनी ‘प्रोजेक्ट एको’ सुरू केला. गावातील डॉक्टर व परिचारिका आठवड्यातून एकदा पडद्यावर येत आणि आपल्या एका रुग्णाची माहिती सर्वांसमोर मांडत. आधी इतर गावांतील सहकारी प्रश्न विचारीत, आपले मत सांगत आणि तज्ज्ञ शेवटी बोलत. रुग्ण आपल्या गावीच राही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४०७ रुग्णांची तुलना केली होती. विद्यापीठाच्या रुग्णालयात बरे होण्याचे प्रमाण ५७.५ टक्के होते. १६ ग्रामीण व सामाजिक केंद्रे आणि ५ तुरुंग येथे स्थानिक सेवकांनी केलेल्या उपचारांत ते ५८.२ टक्के होते. योग्य पद्धतीने शिकविले, तर लहान केंद्रातील सेवा मोठ्या रुग्णालयाच्या तोडीची होऊ शकते, हे या आकड्यांनी दाखविले. ही पद्धत पुढे भारतातही रुजली. बंगळुरूच्या ‘निम्हान्स’सह अनेक संस्था ती वापरतात.

आमच्याकडे आणि तेथे साधने सारखीच होती : पडदा, कॅमेरा आणि दूरध्वनीची जोडणी. भेद इतकाच की तेथे दूरचा माणूस बोलत होता. आमच्याकडे तो ऐकत होता, किंवा ऐकतही नव्हता.

पद्धतीत केलेले बदल

या अभ्यासानंतर आम्ही सत्रांची पुढीलप्रमाणे फेररचना केली.

१. विषय उपकेंद्राने द्यावयाचा. प्रत्येक आठवड्यास एक केंद्र आपल्याकडील एक खरा प्रसंग मांडते : न उतरणारा ताप, औषधाच्या चिठ्ठीतील संदिग्धता, न समजलेले उपकरण. व्याख्यान दहा मिनिटांहून अधिक नसते.

२. बोलण्याचा क्रम कनिष्ठांपासून. आधी प्रसंग मांडणाऱ्या सिस्टर, मग इतर केंद्रांतील परिचारिका, औषधनिर्माते व तंत्रज्ञ, आणि शेवटी वरिष्ठ डॉक्टर. ज्येष्ठांचे मत आधी आले की कनिष्ठ गप्प बसतात, हे आपल्याकडील सर्वच बैठकांना लागू आहे. आमच्या वरिष्ठ डॉक्टरांनी हा क्रम मनापासून स्वीकारला, याबद्दल आम्ही त्यांचे आभारी आहोत.

३. कॅमेरा हातांवर. चेहरे दिसले नाहीत तरी चालते. सिरिंज भरताना, सलाइनचे थेंब मोजताना, हातमोजे घालताना व काढताना हात दिसले पाहिजेत.

४. ऐकलेले करून दाखविणे. इन्सुलिनच्या सत्रात आता प्रत्येक केंद्रातील परिचारिका रंगीत पाणी घेऊन सांगितलेली मात्रा सिरिंजमध्ये भरते आणि खूण कॅमेऱ्यासमोर धरते. कुपीवरील आकडा आणि सिरिंजवरील आकडा ती मोठ्याने वाचते. जिने हे केले, तिच्याच नावापुढे ‘प्रशिक्षित’ अशी नोंद होते.

५. एका विषयाचे एकच पान. सत्राचा सारांश दुसऱ्या दिवशी सर्वांना उघडता येईल अशा सामाईक संचिकेत ठेवला जातो. त्यावर दिनांक असतो आणि जुने पान काढून टाकले जाते. पूर्वी एकाच विषयाचे तीन वेगवेगळे तक्ते तीन केंद्रांच्या भिंतींवर आम्हांस आढळले होते. व्हॉट्सॲपचा गट निरोपांपुरता ठेवला आहे. तेथे मजकूर वाहून जातो आणि जुना तक्ता नव्यासारखा फिरत राहतो.

६. रुग्णाच्या भाषेचा विचार. सत्रे मराठीत होतात. परंतु अक्कलकोटच्या बाजूस अनेक रुग्ण कन्नड बोलतात आणि शहराच्या पूर्व भागात तेलुगू. ‘रिकाम्या पोटी’, ‘जेवणापूर्वी’, ‘थांबवू नका’ यांसारख्या सूचना त्या भाषांत कशा सांगावयाच्या, हे ती भाषा जाणणारे सेवकच इतरांना शिकवितात.

७. सत्राची वेळ ही कामाचीच वेळ. पाऊण तासाच्या सत्रात त्या सिस्टरांच्या रुग्णांकडे पाहण्यास दुसरी व्यक्ती नेमली जाते. तशी नेमता आली नाही, तर ते केंद्र त्या दिवशी ‘अनुपस्थित’ दाखविले जाते. उपस्थितीचा आकडा त्यामुळे घटला आहे आणि यंदाच्या अहवालात तो घटलेलाच छापला आहे.

पडद्याच्या मर्यादा

काही कौशल्ये पडद्यावरून शिकविता येत नाहीत. हृदयक्रिया बंद पडलेल्या प्रौढ व्यक्तीची छाती मिनिटास १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबावी लागते. हा आकडा ऐकून पाठ होतो. तो जोर हातांना कळण्यासाठी सरावाचा पुतळा हवा आणि शेजारी शिकविणारा हवा. अर्भकाची शीर शोधणे, प्रसूतीनंतरचा रक्तस्राव अजमावणे, घाबरलेल्या नातेवाइकाशी बोलणे, हीही कामे सहवासातूनच शिकली जातात. म्हणून दर तिमाहीस प्रत्येक केंद्राला मेट्रन मॅडम किंवा त्यांच्या सहकारी प्रत्यक्ष भेट देतात. ज्या भेटीत नारिंगी टोपणे दिसली, ती भेट आम्ही ‘आता पडदा आहे’ म्हणून बंद करण्याच्या बेतात होतो, हेही येथे नमूद करावेसे वाटते.

दुसरी मर्यादा रुग्णाच्या खासगीपणाची. २५ मार्च २०२० रोजी दूरवैद्यक सेवेविषयी केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर झाली आणि २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. आमच्या सत्रांत रुग्णाचे नाव, गाव व चेहरा दाखविला जात नाही. वय, लक्षणे व तपासण्या एवढेच मांडले जाते. जखमेचे छायाचित्र घ्यावयाचे, तर रुग्णाची संमती घेतली जाते. नातेवाइकांनी याविषयी नि:संकोचपणे विचारणा करावी.

तिसरी मर्यादा विजेची. उन्हाळ्यात भारनियमन वा बिघाड झाला की जोडणी तुटते. अशा वेळी सत्र पुढे ढकलले जाते. ध्वनिमुद्रण पाहून घ्या, असे सांगून विषय संपविला जात नाही.

हिशेब आणि विनंती

या उपक्रमास लागणारा पैसा अन्य विभागांच्या तुलनेने थोडा आहे आणि तो हिशेबपत्रकात ‘सेवक प्रशिक्षण’ या शीर्षाखाली दाखविला आहे. त्यातील मोठा भाग यंत्रांवर खर्च होत नाही. सत्राच्या वेळी रुग्णांजवळ थांबणाऱ्या बदली परिचारिकेचे वेतन, तिमाही भेटींचा प्रवासखर्च आणि सरावाचे साहित्य यांवर तो होतो. देणगीदारांस संगणक देणे सहज सुचते आणि त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. तथापि, संगणकासमोर बसलेल्या सिस्टरचे लक्ष मागे पडलेल्या रुग्णाकडे ओढले जाऊ नये, यासाठी लागणारा तास विकत घेणे हीही तितकीच मोठी देणगी आहे. सरावाचा एक पुतळा केंद्रांतून आळीपाळीने फिरत असतो. दुसरा मिळाल्यास प्रत्येक केंद्राची प्रतीक्षा निम्म्यावर येईल.

विश्वस्त मंडळास आमची विनंती अशी की, पुढील वर्षापासून प्रशिक्षणाचा आढावा घेताना किती जण बसले, हा प्रश्न दुय्यम मानावा. किती जणींनी करून दाखविले, भेटीच्या वेळी किती ठिकाणी पद्धत बरोबर आढळली, आणि कोणत्या केंद्राने वर्षभरात एकही प्रश्न विचारला नाही, हे आम्हांस विचारावे. जेथून प्रश्न येत नाही, तेथे सर्व काही ठीक आहे, असे आम्ही पूर्वी मानीत होतो. आता तेथेच प्रथम भेट देतो.

ज्या परिचारिकेने आम्हांस ते सरळ उत्तर दिले, तिच्यावर कोणतीही कारवाई झाली नाही. फेररचनेनंतरच्या पहिल्या सत्रात इन्सुलिनचा प्रसंग तिनेच सर्व केंद्रांपुढे मांडला. तिचे बोलणे संपताच दुसऱ्या एका केंद्रातून आवाज आला की, आमच्या कपाटातही नारिंगी टोपणांचा एक खोका आहे. तो त्याच दिवशी बाजूला काढण्यात आला.



रुग्णालय प्रशासन विभागाच्या वतीने
सोलापूर